मरतुकीचा रकाना

कारखान्याच्या हिशेबात तूट दोन प्रकारची असते, सर्वसाधारण आणि असाधारण. तेल गाळताना थोडं उडून जातं, कापड बेतताना चिंध्या पडतात. ही तूट आधीच गृहीत धरलेली असते. तिचा खर्च चांगल्या मालावर वाटून टाकायचा आणि पुढे जायचं, तिच्याबद्दल कुणी कुणाला जाब विचारत नाही. जाब विचारला जातो तो असाधारण तुटीचा. माल चोरीला गेला, आग लागली, कुणाचा तरी हलगर्जीपणा झाला, म्हणजे मग कागद निघतात, सह्या लागतात.

माझी उमर या कॉस्टिंगच्या, म्हणजे खर्चाच्या हिशेबाच्या, कामात गेली. कुक्कुटपालनाच्या कॉस्टशीटमध्ये 'मरतूक' नावाचा एक रकाना असतो. शंभर पिल्लांमागे चार-पाच दगावणार हे धरूनच बॅचचं गणित मांडतात. पाचापर्यंत सर्वसाधारण, नऊ झाली की डॉक्टरला फोन. पद्धत बिनचूक आहे, कुठल्याही परीक्षेत पूर्ण गुण मिळवून देईल अशी. फक्त ती तेलासाठी शोधलेली आहे. उडून गेलेल्या तेलाला उडताना काही वाटलेलं नसतं.

प्राण्यांवर चालणाऱ्या धंद्यांचं नीतिशास्त्र म्हटलं की बहुतेक लेखन दोन टोकांना जाऊन बसतं. एकीकडे रक्ताळलेली छायाचित्रं, दुसरीकडे हिरव्या कुरणातल्या गाईचं जाहिरातीतलं चित्र. मला या दोन्हींपेक्षा मधल्या रकान्यांत रस आहे. क्रौर्य करायचं असं ठरवून कुणी शेड बांधत नाही. शेड बांधली जाते ती चौरस मीटरच्या, किलोच्या आणि दिवसांच्या हिशेबावर. म्हणून प्रश्न तिथेच, त्या हिशेबाच्या एककात शोधायला हवा असं मला वाटतं.

सर्वात लोकप्रिय युक्तिवादापासून सुरुवात करू. 'जनावर सुखी तर मालक सुखी.' प्राण्यांना नीट ठेवणं हे धंद्याच्याही फायद्याचंच असतं, तेव्हा वेगळ्या नीतीची गरजच काय, असं हा युक्तिवाद म्हणतो. कंपन्यांच्या वार्षिक अहवालात तो हमखास असतो, आणि गंमत म्हणजे प्राण्यांच्या बाजूने बोलणारेही तो वापरतात, कारण व्यवस्थापनासमोर नफ्याच्या भाषेत बोललं की खुर्ची मिळते.

त्यात तथ्य आहेच. कत्तलीआधी डुक्कर घाबरलं, धावलं, झुंजलं तर त्याच्या स्नायूंत आम्ल झपाट्याने साठतं आणि मांस फिकट, मऊ, पाणी सुटणारं होतं. गोवंशात उलट घडतं. लांबच्या प्रवासाने आणि ताणाने स्नायूंमधलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, आधीच संपलेलं असतं, आम्ल पुरेसं तयारच होत नाही आणि मांस काळपट, कोरडं पडतं, लवकर खराब होतं. दोन्हींचा भाव पडतो. दुधाच्या धंद्यात कासदाह आणि लंगडणं ही दोन दुखणी जनावराला जितकी छळतात तितकीच मालकाच्या खिशालाही. अमेरिकेतल्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक टेंपल ग्रँडिन यांनी १९९९ मध्ये मॅकडोनाल्ड्ससाठी कत्तलखान्यांच्या तपासणीची जी पद्धत बसवली, तिची मला फार गंमत वाटते, कारण ती अस्सल कॉस्टिंगवाल्याच्या डोक्याची आहे. 'जनावरांना दयेने वागवा' असलं मोघम काही तिच्यात नाही. मोजायचं ते एवढंच: शंभरांतली किती जनावरं पहिल्या प्रयत्नात बेशुद्ध झाली, किती घसरून पडली, किती हंबरली, कितींना विजेचा दांडा लावावा लागला. ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलात तर मोठं गिऱ्हाईक हातचं जाणार. आणि सुधारणा करायला बऱ्याच ठिकाणी मोठी गुंतवणूक लागलीच नाही. जमीन न घसरणारी करणं, वाटेच्या अंधाऱ्या तोंडाशी दिवा लावणं, समोर लोंबणारी साखळी काढून टाकणं, असल्या साध्या गोष्टींनी काम झालं. जनावर बिचकत होतं ते साखळीला. ती साखळी तिथे का लोंबते आहे हे विचारायची वेळ तोवर कुणावर आली नव्हती, इतकंच.

तर हा सुखाचा पट्टा खरा आहे. इथे नफा आणि दया हातात हात घालून चालतात. हलगर्जीपणा, अज्ञान, घाण, उपासमार यांतून बाहेर येईपर्यंत प्रत्येक पाऊल दोघांच्याही हिताचं असतं. ब्रिटिश कृषी-अर्थशास्त्रज्ञ जॉन मॅकइनर्नी यांनी हे एका साध्या वक्ररेषेत मांडलं आहे. उत्पादकता वाढत जाते तसं प्राण्याचं कल्याणही आधी वाढतं. निवारा, खाद्य, औषध मिळतं. मग एक शिखर येतं. त्यापुढे उत्पादकता वाढतच राहते, पण कल्याण उतरणीला लागतं. माझं म्हणणं एवढंच की आजच्या मोठ्या उद्योगातले खरे वाद त्या शिखरापलीकडचे आहेत, आणि आपण मात्र शिखराअलीकडचा युक्तिवाद तिथे वापरत राहतो.

शिखरापलीकडे नेमकं काय होतं हे बघायला पिंजऱ्यातल्या कोंबडीइतकं स्वच्छ उदाहरण नाही. समजा, एका पिंजऱ्यात चार कोंबड्या आहेत आणि प्रत्येक वर्षाला ३०० अंडी देते. एकूण १२०० अंडी. आता त्याच पिंजऱ्यात पाचवी घातली. दाटी झाली, टोचाटोची वाढली, प्रत्येकीचं उत्पादन ३०० वरून २८५ वर आलं. म्हणजे प्रत्येक कोंबडीचं बिघडलं आणि तिच्या शरीराने ते अंड्यांच्या आकड्यात लिहूनही दाखवलं. पण पिंजऱ्याचा एकूण आकडा झाला १४२५. इमारत महाग, पंखे महाग, मजूर महाग आणि कोंबडी मात्र स्वस्त असेल, तर शहाणा व्यवस्थापक पाचवी कोंबडी घालणारच. सहावी घालायची की नाही हेही तो मोजून बघेल. आकडे माझे, समजावण्यापुरते. पण ज्या काळात बॅटरी पिंजरे, म्हणजे ओळीने रचलेले तारेचे अरुंद पिंजरे, जगभर पसरले त्या काळात दाटी ठरत होती ती याच तर्काने.

'उत्पादन चांगलं म्हणजे प्राणी सुखी' हे विधान इथे कोसळतं, कारण वाक्याच्या दोन टोकांना एककं वेगवेगळी आहेत. नफा मोजला जातो पिंजऱ्यामागे, शेडमागे, चौरस मीटरमागे. दुखणं मात्र एकेका जिवाचं असतं, त्याची सरासरी काढून ते कुणाला वाटून देता येत नाही. सोन्याची अंडी देणाऱ्या कोंबडीची गोष्ट आपण मुलांना हावरटपणाचा धडा म्हणून सांगतो. त्या गोष्टीतल्या माणसाकडे एकच कोंबडी होती, म्हणून तो धडा लागू पडतो. लाख कोंबड्या असलेल्याला त्याच गोष्टीतून काही शिकता येत नाही.

जागेचे आकडे सांगते. युरोपीय संघाच्या नियमानुसार बॅटरी पिंजऱ्यात कोंबडीमागे किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा लागे. छपाईचा ए-४ कागद साधारण ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. हा किमान आकडासुद्धा मोठ्या झगड्यानंतर आलेला. १९६४ मध्ये रूथ हॅरिसन या इंग्रज बाईंनी नव्या बंदिस्त पशुपालनाचं वर्णन करणारं पुस्तक लिहिलं, त्यावर इतकी खळबळ झाली की ब्रिटिश सरकारला प्राध्यापक ब्रॅम्बेल यांची समिती नेमावी लागली. १९६५ च्या तिच्या अहवालात म्हटलं होतं की पाळलेल्या जनावराला निदान उठता यावं, बसता यावं, वळता यावं, अंग साफ करता यावं आणि हातपाय ताणता यावेत. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा तिच्या तोकडेपणानेच हादरले. एवढंसुद्धा लिहून मागावं लागतं, कारण यातल्या प्रत्येक क्रियापदाला जागा लागते आणि जागेला भाडं असतं.

ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीचं, प्रकरण आणखी गुंतागुंतीचं, कारण तिथे पिंजरा शरीराच्या आत गेला आहे. कॅनडातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक छान तुलना प्रसिद्ध केली. १९५७, १९७८ आणि २००५ या तीन काळांतले कोंबड्यांचे वाण त्यांनी एकाच खाद्यावर, एकाच व्यवस्थेत वाढवले. ५६ व्या दिवशी १९५७ च्या वाणाचं वजन भरलं ९०५ ग्रॅम, १९७८ च्या वाणाचं १८०८ ग्रॅम आणि २००५ च्या वाणाचं ४२०२ ग्रॅम. खाद्य तेच, दिवस तेवढेच. फरक सगळा निवड-पैदाशीचा. छातीचं मांस ज्या वेगाने वाढतं त्या वेगाने पाय आणि हृदय साथ देत नाहीत; लंगडणं, बसून राहणं, हृदयक्रिया बंद पडणं हे सगळं त्यातून येतं. पण त्याहून विलक्षण गोष्ट या पिल्लांच्या आई-बापांची आहे. त्यांच्यातही तीच भूक आणि तोच वेग असतो. पोटभर खाऊ दिलं तर ते इतके जड होतील की प्रजननाच्या वयापर्यंत धड टिकणार नाहीत. म्हणून त्यांना मोजून, कमी खाऊ घालतात. ते सदैव भुकेले असतात. पिल्लू झटपट वाढावं म्हणून भूक पैदा केली, आणि ती भूक आई-बापांच्या अंगातही मुरली. कॉस्टशीटवर याचा मागमूस नसतो. उलट 'खाद्यबचत' म्हणून ते चांगलंच दिसतं.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडायला हवी. झपाट्याने वाढणारा पक्षी किलोमागे कमी खाद्य खातो. कमी खाद्य म्हणजे कमी शेतजमीन, कमी पाणी, कमी कार्बन. सावकाश वाढणारा वाण घेतला तर पक्षी बरा जगेल, पण तेवढ्याच मांसासाठी जास्त धान्य लागेल. पर्यावरणाची काळजी आणि प्राण्याची काळजी एकाच बाजूला उभ्या असतात असं आपण गृहीत धरतो. इथे त्या समोरासमोर येतात. यातून 'मग कमीच खा' हे उत्तर निघतं, आणि ते बरोबरही आहे, पण ते ज्या कंपनीला सांगायचं तिचा धंदाच विकण्यावर चालतो.

प्राण्याला काय हवं हे माणसाने ठरवायचं म्हणजे तरी काय, असा एक रास्त आक्षेप असतो. ब्रॅम्बेल समितीच्याच बाबतीत हे घडलं. बारीक तारेच्या षटकोनी जाळीची जमीन कोंबडीच्या पायांना बोचत असणार असं समितीला वाटलं आणि तिने जाड तारेची शिफारस केली. पुढे ह्यूज आणि ब्लॅक या दोघा संशोधकांनी कोंबड्यांनाच निवड करू दिली, तर त्यांनी ती बारीक जाळीच पसंत केली. पायाला आधार जास्त ठिकाणी मिळतो, म्हणून असावं. १९७३ मधली ही गोष्ट. दयाळू माणसांचा अंदाजही चुकतो.

मग कोंबडीलाच विचारायचं, पण कसं? यावर शोधलेला मार्ग मला या सगळ्या विषयातला सर्वात बुद्धिमान वाटतो, आणि तो अर्थशास्त्रातून उचललेला आहे. गिऱ्हाइकाला एखादी वस्तू किती हवी हे आपण कसं ओळखतो? भाव वाढवत न्यायचा आणि तो कुठवर खरेदी करत राहतो ते पाहायचं. प्राण्याकडे पैसे नाहीत, पण कष्ट आहेत. प्राण्यांच्या वर्तनाच्या ब्रिटिश अभ्यासक मरियन डॉकिन्स आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी प्राण्यांना कष्टांच्या चलनात खरेदी करायला लावलं. दारापलीकडे अंडी घालायची खोली ठेवायची आणि दार दर वेळी जड करत न्यायचं. अंडं घालायची वेळ जवळ आली की कोंबडी त्या खोलीसाठी, भुकेली असताना दाण्यासाठी ढकलेल तितक्या जिद्दीने दार ढकलते. इंग्लंडमध्ये जॉर्जिया मेसन आणि सहकाऱ्यांनी फरसाठी पाळल्या जाणाऱ्या मिंक या प्राण्यावर असाच प्रयोग केला आणि २००१ मध्ये तो 'नेचर'मध्ये छापून आला. जास्तीची घरटी, खेळणी, बोगदे, उंच फळी, पोहायचं पाणी, सगळ्यांच्या दारांवर वजनं. मिंकने सर्वात मोठी किंमत मोजली ती पाण्यासाठी. आणि पाण्याची वाट बंद केल्यावर त्यांच्या लघवीत तणावाचं संप्रेरक वाढलं ते साधारण अन्न तोडल्यावर वाढतं तितकं. या मिंकच्या कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेल्या, तळं कधी न पाहिलेल्या. 'त्यांना सवयच नाही, मग दुःख कसलं' हे वाक्य त्या दिवशी निकालात निघायला हवं होतं.

मागणी आहे, किंमत मोजायची तयारी आहे, पण ती किंमत ज्या चलनात मोजली जाते ते चलन बाजारात चालत नाही. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. नदीत सोडलेल्या सांडपाण्यासारखा, करणारा एक आणि भोगणारा दुसरा. फरक असा की नदीकाठचा माणूस कधीतरी कोर्टात जाऊ शकतो.

आता आपण, म्हणजे विकत घेणारे. इथे नेहमी एक टोमणा मारला जातो. कॅलिफोर्नियात २००८ मध्ये कोंबड्या, डुकरिणी आणि वासरं यांच्या बंदिवासावरचा प्रस्ताव मताला टाकला गेला आणि सुमारे ६३ टक्के लोकांनी होकार दिला. त्याच काळात दुकानात पिंजरामुक्त अंडी घेणारे मात्र थोडेच होते. 'बघा, मतपेटीपाशी सगळे संत आणि गल्ल्यापाशी सगळे कंजूष!' मला हा टोमणा उथळ वाटतो. दुकानात मी एकटी असते. माझ्या एका डझनाने कुठलीही शेड बदलत नाही, जास्तीचे पैसे मात्र नक्की जातात. मत देताना मी म्हणत असते की सगळ्यांनीच भरायचं असेल तर माझाही हिस्सा घ्या. रस्त्याचा खर्च वर्गणीतून न काढता करातून काढतात तो याचसाठी. शिवाय दुकानातल्या डब्यावरच्या चित्रावर विश्वास कसा ठेवायचा? अंडं चाखून कोंबडी कशी जगली ते कळत नाही. जी गोष्ट खाऊनही तपासता येत नाही तिच्या बाजारात प्रामाणिक माणूस मार खातो, कारण खोटं लेबल छापायला खऱ्या शेडपेक्षा कितीतरी कमी खर्च येतो.

एकट्या गिऱ्हाइकाचं जे होतं तेच एकट्या कंपनीचं, आणि कधी कधी एकट्या देशाचं. ब्रिटनने १९९९ पासून गाभण डुकरिणींना वळताही येणार नाही अशा अरुंद कप्प्यांत कोंडायला बंदी घातली. बाकीच्या युरोपात ती यायला २०१३ उजाडलं, तीही गाभणपणाच्या पहिल्या चार आठवड्यांची सूट ठेवून. मधल्या काळात ब्रिटनमधल्या पैदाशीच्या डुकरिणींची संख्या फार घसरली. त्याला महाग पौंड, रोगांच्या साथी अशी इतर कारणंही होती, पण जुन्याच पद्धतीने वाढवलेलं स्वस्त मांस बाहेरून येत होतं हेही तितकंच खरं. देशातला कायदा निर्मळ राहिला आणि कप्पे समुद्रापलीकडे गेले. ब्रिटिश शेतकरी तेव्हा वैतागला असेल तर मी त्याला निर्दय म्हणणार नाही. त्याच्यावर आपण अर्धवट नीती लादली. बनवण्याला नियम लावला आणि विकण्याला लावला नाही.

विकण्याला नियम लावता येतो का, हा प्रश्न मग न्यायालयांत गेला, आणि दोन निकाल मला मोलाचे वाटतात. युरोपीय संघाने २००९ मध्ये सील या समुद्री प्राण्याच्या उत्पादनांवर बंदी घातली होती. कॅनडा आणि नॉर्वे जागतिक व्यापार संघटनेत गेले. २०१४ मध्ये अपील मंडळाने अंमलबजावणीतल्या भेदभावावर बोट ठेवलं, पण मूळ मुद्दा मान्य केला की प्राण्यांविषयीची जनतेची नैतिक भावना हे व्यापार रोखण्याचं कारण असू शकतं. दुसरा निकाल अमेरिकेचा. कॅलिफोर्नियाने २०१८ च्या प्रस्तावात म्हटलं, डुकरिणीला किमान २४ चौरस फूट जागा दिली नसेल तर तिचं किंवा तिच्या पिल्लांचं मांस आमच्या राज्यात विकायचं नाही, मग ते कुठल्याही राज्यात तयार झालेलं असो. कॅलिफोर्निया देशातलं सुमारे १३ टक्के डुकराचं मांस खातं आणि ते जवळजवळ सगळं बाहेरून आणतं, तेव्हा उत्पादक चिडले. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने कायदा टिकवला. डुकरिणीच्या वळण्याच्या हक्कावर असा थेट निकाल नव्हता तो. गिऱ्हाइकाने आपल्या दारात काय येऊ द्यायचं यावरचा होता. पण धंद्याला नेमकी हीच भाषा कळते.

या सगळ्यात जनावराच्या सर्वात जवळ उभा असलेला माणूस मात्र चर्चेत क्वचित येतो. कंत्राटी ब्रॉयलर उद्योगात पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं. शेड शेतकऱ्याची आणि तिच्यावरचं कर्जही त्याचंच. अमेरिकेत तर शेजारच्या कंत्राटदारांपेक्षा तुमचा खाद्याचा हिशेब बरा की वाईट यावर मोबदला ठरवायची पद्धत रुळलेली आहे. अशा माणसाला 'जरा मोकळी जागा ठेव' म्हणून सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालून दान करणं. कत्तलखान्यातल्या पट्ट्याचा वेग वाढला की बेशुद्ध करण्यात चुका वाढतात आणि कामगाराच्या मनगटाचीही वाट लागते. दोन्हींचं कारण एकच. २०२० च्या वसंतात कोविडमुळे अमेरिकेतले मोठे कत्तलखाने कामगार आजारी पडून बंद झाले, तेव्हा ही साखळी किती ताणलेली होती ते दिसलं. तयार डुकरं न्यायला कुणी नाही, मागून नवी पिल्लं येतच आहेत, जागा ठरलेली. काही ठिकाणी मग शेडची हवा बंद करून, उष्णतेने डुकरं मारली गेली. अडचणीच्या दिवसासाठी मोकळी ठेवलेली जागा हिशेबात वाया गेलेली जागा असते, म्हणून ती कुणीच ठेवलेली नव्हती.

माशांबद्दल एकच सांगते. जगाच्या आकडेवारीत कोंबड्या, डुकरं, गाई नगावर मोजतात. मासे टनांवर मोजतात. किती जीव, हे विचारायची सोयच त्या तक्त्यात नाही.

आता ज्या प्रकरणाने माझं मत बऱ्याच अंशी पक्कं केलं ते. अंडी देणाऱ्या वाणाचं नर पिल्लू ना अंडी देतं, ना मांसाला परवडतं. म्हणून ते जन्मल्या दिवशीच मारतात. बंदी येण्याआधी एकट्या जर्मनीत वर्षाला सुमारे साडेचार कोटी मारली जात. जर्मन कायदा म्हणतो की वाजवी कारणाशिवाय प्राण्याला यातना देऊ नये, मारू नये. प्रश्न असा की 'परवडत नाही' हे वाजवी कारण आहे का? जून २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं, केवळ आर्थिक हित हे पुरेसं कारण नाही. तरीही त्याने उद्योगाला काही काळ मुभा दिली, कारण अंड्यातच लिंग ओळखायचं तंत्र तयार होत आलं होतं. १ जानेवारी २०२२ पासून जर्मनीत पिल्लं मारायला बंदी आली. तंत्राचा खर्च अंड्यामागे काही सेंट. इतक्या थोड्या पैशांसाठी दरवर्षी कोट्यवधी पिल्लं, आणि तरीही निव्वळ बाजाराच्या भरवशावर हे काम पुढे सरकलं नव्हतं. सगळ्यांना एकाच तारखेला बांधणारा कायदा लागला. निकालातला मुभा देण्याचा भाग पुष्कळांना तडजोड वाटला. मला तो शहाणपणाचा वाटतो. न्यायालयाने कारण नाकारलं आणि वेळ दिली. आपण बहुधा उलट करतो, कारण मान्य करून टाकतो आणि वेळेचं नावच काढत नाही.

प्राण्यांना वापरायचंच नाही असं म्हणणारे मला विचारतील, पिंजरा मोठा करून तुम्ही मन शांत करताय ना? त्यांच्याकडे बळकट तत्त्वज्ञान आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅमने १७८९ मध्ये, तेही एका तळटीपेत, लिहिलं होतं की प्राणी विचार करतात का, बोलतात का हा प्रश्नच नाही. त्यांना यातना होतात का, हा आहे. ही तळटीप मान्य केली की वाट लांबवर जाते, हे मला कळतं. पण वर्षाला काही हजार कोटी पक्षी ज्या व्यवस्थेत आज जगतात, त्यातल्या पक्ष्यासाठी चालू वर्षात काय बदलू शकतं, हाही प्रश्न कुणीतरी धरून बसायला हवा. तो बदल कुठे अडतो, ते माझ्या कामामुळे मला जरा नेमकं दिसतं.

तो अडतो घसाऱ्यात, म्हणजे सामग्रीची किंमत दरवर्षी थोडी थोडी वजा करत जाण्यात. युरोपने बॅटरी पिंजऱ्यांवरची बंदी १९९९ मध्ये मंजूर केली आणि लागू केली १ जानेवारी २०१२ ला. बारा वर्षांची मुदत ही उगाच औदार्य नव्हतं. तेवढ्यात जुना पिंजरा पुस्तकांतून पूर्ण वजा होतो. शेतकऱ्याने नवा पिंजरा न घेता जुना झिजू दिला असता, तर बंदीच्या दिवशी त्याचं नुकसान फारसं झालं नसतं. तरी २०१२ उजाडलं तेव्हा तेरा देशांना युरोपीय आयोगाने नोटिसा पाठवल्या. ज्यांनी वेळेत पैसे घालून बदल केला त्यांना, ज्यांनी केला नाही त्यांच्याशी त्याच बाजारात भाव लावावा लागला. पुढे जवळपास १४ लाख नागरिकांच्या सह्यांनंतर आयोगाने २०२१ मध्ये त्या बंदीतून सुटलेले उरलेले पिंजरेही काढण्याचं वचन दिलं, प्रस्ताव २०२३ अखेर आणू म्हणून सांगितलं. ते वर्ष प्रस्तावाशिवायच संपलं. अशा वेळी शेडच्या मालकाने काय करावं? बँक त्याला विचारते, ही शेड वीस वर्षं चालेल का? कायदा त्याला सांगत नाही. मग तो आजचा सर्वात स्वस्त पर्याय घेतो, आणि तो पर्याय पुढची वीस वर्षं उभा राहतो.

म्हणून एखाद्या कंपनीचं प्राणिकल्याणाचं धोरण माझ्यासमोर आलं की मी त्यातली पहिली पानं उलटून मालमत्तेच्या नोंदवहीकडे जाते. गेल्या दोन वर्षांत कुठली सामग्री घेतली, तिचं आयुष्य किती वर्षं धरलं, त्यात एका पक्ष्यामागे जागा किती पडते. २०३० ला पिंजरामुक्त होऊ म्हणणारी कंपनी आज पंधरा वर्षं आयुष्याचे पिंजरे विकत घेत असेल, तर तिने आपलं उत्तर खरेदीच्या ऑर्डरवर सही करतानाच दिलेलं असतं.